आत्याबाईंचा कोट

आत्याबाईंनी बशीतला उकडलेला मासा हुंगला, बशीकडे पाठ फिरवली आणि त्या इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसल्या. ते पाहून मास्तर इतके गोंधळले, की हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच राहिली. शर्ट वाचला तो मास्तरांच्या नाकामुळे.

"अगं, हिने मासा नाही खाल्ला!" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"नसेल भूक," आतून बायकोचा आवाज आला. "परवा तुम्ही जेवला नाहीत, तेव्हा मी अशी ओरडले होते का?"

"माझं पोट बिघडलं होतं."

"मग तिचंही बिघडलं असेल. घरचा गुण."

मास्तर शिंपी होते. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि त्यामागे पत्र्याची शेड, असा त्यांचा संसार. शाळेत शिकवणाऱ्यालाही मास्तर म्हणतात, पण या मास्तरांचा धाक जास्त होता. शाळेतला मास्तर फार तर उभं करतो. हे उभं करून पोट सैल सोडायला लावत आणि मग जे दिसेल ते मोठ्याने वाचून दाखवत.

आत्याबाई म्हणजे त्यांची मांजर. लेक शाळेत असताना दप्तरातून हे पिल्लू घेऊन आली, तेव्हाच त्याच्या मिशा इतक्या भरघोस आणि नजर इतकी करडी होती, की लेकीने पाहता पाहता तिचं नाव आत्याबाई ठेवून टाकलं. मास्तरांच्या सख्ख्या बहिणीने ते मनाला लावून घेतलं आणि येणं-जाणं कमी केलं. नाव मात्र टिकलं. पुढे लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. आत्याबाई राहिल्या. आता त्यांचं वय झालं होतं. एके काळी त्या कपाटावरून थेट कापडांच्या ठाणांवर उडी मारत. आता खुर्चीवर चढायच्या आधी खुर्चीकडे बराच वेळ बघत बसत.

लेक दर आठवड्याला फोन करायची. पहिला प्रश्न असायचा, "आत्याबाई कशी आहे?" आई-वडिलांची चौकशी त्यानंतर, वेळ उरला तर.

"ठीक आहे," मास्तर सांगत.

या वेळी मात्र आईने फोन घेतला आणि खरं काय ते बोलून टाकलं. झालं! लेकीने फोन मास्तरांना द्यायला लावला आणि सुनावलं, "बाबा, मी रविवारी येतेय. तिला डॉक्टरकडे नेलंत का?"

"घरच्या घरी बघतोय मी."

"म्हणजे नाही नेलं. मी येताना टोपली आणतेय. रविवारी ती मला बरी दिसली नाही, तर मी तिला घेऊन जाणार. माझ्या घरासमोरच प्राण्यांचा दवाखाना आहे. तिथे तिची हेळसांड तरी होणार नाही."

'हेळसांड' हा शब्द मास्तरांना सुईसारखा टोचला. डॉक्टरकडे न नेण्याला कारण होतं. मागे एकदा त्यांनी आत्याबाईंना टोपलीत घालून नेलं होतं. जाताना त्यांनी सगळा रस्ता डोक्यावर घेतला आणि परत आल्यावर मास्तरांकडे पाठ करून बसल्या, त्या किती तरी दिवस. मास्तर समोर गेले की त्या उठून दुसरीकडे तोंड करत. शेवटी मास्तरांनी दुकानाचं दार लावून घेतलं, खाली बसले आणि त्या पाठीला म्हणाले, "पुन्हा नाही नेणार. शब्द दिला." तेव्हा कुठे पाठ वळली. दिलेल्या तारखेला कपडे न देण्याबद्दल मास्तरांची ख्याती होती, पण हा एक शब्द त्यांनी पाळला होता.

आता आत्याबाई लेकीकडे गेल्या, तर दिवसभर दुकानात मास्तरांशी न बोलता सोबत करणारं कोणी उरणार नव्हतं. बायको होती, पण ती बोलायची.

तेव्हा रविवारच्या आत आत्याबाईंना घरगुती उपायांनी ठणठणीत करायचं, असं मास्तरांनी ठरवलं.

उपाय गोळा करायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. माप देणारं गिऱ्हाईक म्हणजे हात वर करून उभा असलेला आणि पळून जाऊ न शकणारा माणूस. बेकरीवाल्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळून मास्तरांनी विचारलं, "श्वास सोडा. अजून सोडा. मांजर खात नसेल तर काय करावं हो?"

"पोट साफ होत नसणार," बेकरीवाला श्वास सांभाळत म्हणाला. "लाल भोपळा उकडून द्या. आमच्या आजीचं मांजर त्याच्यावरच जगलं."

"किती जगलं?"

"मांजराचं नाही आठवत. आजीने नव्वदी गाठली."

शाळेत कवायत घेणाऱ्या बाई ट्रॅकपँट आखूड करायला आल्या होत्या. त्यांनी आत्याबाईंची चाल डोळे बारीक करून पाहिली आणि निदान केलं, "मागचे पाय आखडलेत. शेका. रोज सकाळी, चांगलं कडकडीत."

मास्तरांनी दोन्ही उपाय एकदमच सुरू केले. माशात भोपळा कालवला. गरम पाण्याची पिशवी फ्लॅनेलमध्ये गुंडाळून आत्याबाईंच्या कमरेला लावली. आत्याबाईंनी भोपळ्याला नाक मुरडलं, पण थोडा खाल्ला. शेक मात्र त्यांना फारच मानवला. डोळे मिटून, पाय ताणून त्या अशा पसरल्या, की बायको म्हणाली, "माझी पाठ दुखते तेव्हा कुठे असते ही पिशवी?"

दुपारी नेहमीप्रमाणे आत्याबाई मागच्या खिडकीतून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पलीकडे फिरायला गेल्या. त्या जातात कुठे, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारही केला नव्हता. वाचकांना सांगायला मात्र हरकत नाही.

मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर काही महिन्यांपूर्वी एक एकटे गृहस्थ राहायला आले होते. हवामान खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना हवामानकाका म्हणत. खात्यात असताना त्यांचे अंदाज किती खरे ठरले, हा विषय त्यांच्यापुढे काढायचा नसे. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांचं जिन्यावरून उतरणं कमी झालं होतं, आणि त्यामुळे माणसंही. अशात एका दुपारी गॅलरीत एक म्हातारं मांजर येऊन बसलं. भरघोस मिशा, करडी नजर. काकांना आपले जुने साहेब आठवले. त्यांनी त्याचं नाव रावसाहेब ठेवलं आणि आपल्या ताटातला घास काढून दिला. रावसाहेब रोज येऊ लागले, जेवू लागले. आता दुपारी एका घरी पोटभर जेवलेल्याला संध्याकाळी दुसऱ्या घरी भूक नसते, यात वैद्यकीय असं काही नाही.

त्या दुपारी रावसाहेब आले, ते तापलेले. काकांनी पाठीवरून हात फिरवला आणि चमकून मागे घेतला. शेक घेऊन थेट उन्हाच्या पत्र्यावरून आलेलं मांजर कसं असायचं? पण काकांचं सगळं आयुष्य तापमानात गेलेलं. ते स्वतःशीच म्हणाले, "हा ताप आहे. दुपारनंतर आणखी वाढण्याची शक्यता." त्यांनी लगेच फडका गार पाण्यात बुडवला, पिळला आणि रावसाहेबांना त्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवलं.

संध्याकाळी आत्याबाई घरी आल्या, त्या ओलसर आणि कुडकुडत.

"थंडी वाजून येतेय हिला," मास्तर हादरले. "एवढं शेकूनही!"

"कुठे पाण्यात पडली असेल," बायको म्हणाली.

"ती? घोटभर पाणी पितानाही मिशा वर धरते ती." मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. "कोट शिवतो."

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ मापं घेतली, पण असं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. आत्याबाई टेबलावर शांत उभ्या राहिल्या. पोट आत ओढणं नाही, 'जरा सैल ठेवा' नाही, 'मागच्या वेळचं माप असेल की' नाही. छाती, उंची, गळा, पुढचे पाय घालायचे मुंढे. एका साहेबांच्या कोटातून उरलेलं राखाडी लोकरी कापड होतं, ते मास्तरांनी बेतलं. आतून मऊ अस्तर लावलं, पाठीवर बारीक हूक लावले. कोट अंगावर चढला आणि मास्तर दोन पावलं मागे सरून बघत राहिले. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. त्यांना गहिवरून आलं.

"लग्नातला माझा ब्लाऊज असा शिवला असतात तर!" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई कोट घालून फिरायला गेल्या आणि संध्याकाळी कोटाशिवाय परत आल्या. पुन्हा ओलसर.

"काढून टाकला असेल तिने," बायको म्हणाली.

"पाठीवरचे हूक? स्वतःच्या पाठीवरचे हूक माणसांना काढता येत नाहीत."

"खरंय. त्यासाठी नवरा लागतो."

"मग कोणीतरी काढला असेल?"

"मांजराच्या अंगावरून कपडे कोण कशाला काढेल?" बायको म्हणाली. हे मात्र मास्तरांना पटलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि फक्त शिंप्यालाच सुचेल असा निष्कर्ष काढला. "मुंढ्यात ताणत असणार," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझंच चुकलं."

इथून मास्तरांची झोप उडाली. दुखणं आत्याबाईंचं होतं, पण आता इज्जत मास्तरांची पणाला लागली होती. दुसरा कोट त्यांनी मुंढ्यात सैल केला आणि हुकांऐवजी बटणं लावली. तो गेला. तिसऱ्याला पोटाखालून नाडी घालून गाठ मारली. तोही गेला. प्रत्येक संध्याकाळी आत्याबाई दमट अंगाने आणि निर्विकार चेहऱ्याने परत येत, आणि मास्तर त्यांच्यापुढे उकिडवे बसून विचारत, "नक्की कुठे टोचतंय? गळ्यात? काखेत? सांग ना गं."

पलीकडे हवामानकाका वेगळ्याच काळजीत होते. गल्लीतली पोरं ऐन तापात रावसाहेबांना लोकरीचे कोट चढवून त्यांची थट्टा करतात, अशी त्यांची खात्री झाली होती. ते रोज दात-ओठ खात कोट काढत आणि ओला फडका गुंडाळत.

पोटाचीही तीच गत. मास्तरांच्या भोपळ्याने आपलं काम चोख केलं, पण ते दुपारी आणि काकांच्या घरी. त्यातही जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रात नेमका हवामानाचा रकाना निवडून. काकांनी हा अपमान गिळला, रावसाहेबांना जुलाब होताहेत असं ठरवलं आणि मऊ भातात केळं कुस्करून द्यायला सुरुवात केली. त्याने सगळं घट्ट झालं, ते मास्तरांच्या घरी. मास्तरांनी आत्याबाईंची वाळूची पेटी कोरडी ठणठणीत पाहिली आणि भोपळा दुप्पट केला. मग काकांनी केळं दुप्पट केलं. दोन्ही घरांत उपायांचा गुण येत होता, फक्त समोरच्याच्या.

या सगळ्यात आत्याबाई शांत होत्या. सकाळी शेक, दुपारी गारवा, अधूनमधून नवे कपडे.

शनिवारी मास्तरांनी शेवटचा उपाय केला. चौथा कोट त्यांनी आत्याबाईंच्या अंगावरच शिवून टाकला. हूक नाही, बटण नाही, नाडी नाही. आणि हाताच्या सवयीने, कळलंही नाही असं, गळ्याच्या मागे दुकानाचं लेबलसुद्धा लावलं.

संध्याकाळी आत्याबाई आल्या. उघड्या.

मास्तर खुर्चीत बसले. बायकोने न विचारता चहा पुढे ठेवला.

"उद्या ती येणार," मास्तर म्हणाले. "हिला घेऊन जाणार. आणि मी काही म्हणू शकत नाही. ज्याला साधा मांजराचा कोट धड शिवता येत नाही, तो मांजर काय सांभाळणार?"

बायकोने एरवी यावर काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही दुकान आत्याबाईंशिवाय बघवणार नव्हतं.

रविवारी सकाळी मास्तर लेकीची वाट बघत दुकानात बसले होते. आत्याबाई टेबलाखाली होत्या. तेवढ्यात एक उंच, लंगडत चालणारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन आत आले.

"मास्तर कोण?"

"मीच. या."

"मी मागच्या गल्लीत राहतो. एक तक्रार आहे."

"फिटिंगची ना?" मास्तर खचलेल्या आवाजात म्हणाले. या आठवड्यात त्यांची कशालाही तयारी होती.

"छे! फिटिंगबद्दल शब्दच नाही," हवामानकाका घाईने म्हणाले आणि त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. "हे कोण शिवून घेतं तुमच्याकडून, ते सांगा. लेबल तुमचंच आहे. गल्लीतली कार्टी माझ्या रावसाहेबांना रोज एक चढवून पाठवतात. म्हातारा जीव, अंगात ताप, आणि वर लोकरीचा कोट! कालचा तर अंगावरच शिवला होता. कात्रीने कापून काढावा लागला हो!"

मास्तर टेबलावरच्या कोटांकडे बघत राहिले. बटणांचा. नाडीचा. कापलेला. मग त्यांनी मान वर केली.

"तुम्ही काढत होतात?"

"मग काय करू? तापात कोट घालतात?"

"कसला ताप? थंडीने कुडकुडत होती ती!"

"थंडीने? अहो, तवा व्हायचा अंगाचा, तवा! रोज गार फडक्यात ठेवायचो, तेव्हा कुठे उतरायचा!"

"फडक्यात?" मास्तर उठून उभे राहिले. "आणि पहिला कुठाय? राखाडी? तो नाहीये यात."

काकांची नजर एकदम छताकडे गेली. "असेल की कुठेतरी. वारा असतो गॅलरीत."

आवाज चढलेले पाहून बायको बाहेर आली आणि टेबलाखालून आत्याबाईही आल्या. त्यांनी आधी काकांच्या पायाला अंग घासलं, मग मास्तरांच्या, आणि दोघांच्या मधोमध बसकण मारली.

"हे बघा, हेच रावसाहेब!" काका म्हणाले.

"ही आत्याबाई आहे. माझी," मास्तर म्हणाले.

"आत्याबाई? मिशा बघा जरा!"

"मांजरींनाही मिशा असतात, काका," बायको म्हणाली. काका आत्याबाईंकडे नव्याने बघू लागले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे जुन्याच नजरेने पाहिलं.

लेक टोपली घेऊन दारात उभी होती. ती केव्हा आली कुणालाच कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे एक जण हिला भाजतोय आणि दुसरा विझवतोय," ती म्हणाली. "आधी डॉक्टर. इथल्याच. आत्ता. मग घरी, माझ्या."

मास्तरांनी टोपलीकडे पाहिलं आणि ते टोपली आणि आत्याबाई यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. लेकीने ते पाहिलं असावं, कारण तिने टेबलावरचे कोट उचलून टोपलीत अंथरले. आत्याबाईंनी वाकून एकेक कोट हुंगला आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच टोपलीत जाऊन बसल्या. शब्द मोडावा लागला नाही, पण मास्तरांना त्याचा आनंद झाला नाही. निघायची इतकी घाई आहे हिला, असं त्यांच्या मनात आलं.

दवाखाना जवळच होता; काकाही लंगडत बरोबर आले. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंचे डोळे, दात, पोट, पाय सावकाश तपासले. मग विचारलं, "घरी काय काय केलंत?"

मास्तरांनी भोपळा, शेक, कोट असं सांगितलं. डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या. मग काकांनी केळं, भात, ओला फडका, पंखा असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंची मान हलायची थांबली.

"हे सगळं रोज? एकाच मांजराला?"

"आम्हाला एकमेकांचं ठाऊक नव्हतं," मास्तर म्हणाले.

"या वयात हे सोसून जे मांजर जिवंत राहतं, त्याला मी काय औषध देणार? तब्येत उत्तम आहे हिची. सांधे तेवढे आखडलेत, म्हातारपणाचे. आता फक्त उपचार थांबवा."

मास्तरांच्या जिवात जीव आला. पण लेक हट्टाने म्हणाली, "डॉक्टर, मी हिला माझ्याकडे नेणार आहे. हे दोघं मिळून तिला मारतील."

मास्तरांनी आत्याबाईंच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. लेकीचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. लहानपणी आपल्या शाळेच्या पहिल्या दिवशीही हे बोट असंच सुटत नव्हतं, हे तिला आठवलं असेल नसेल. पण तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"नेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात जागा बदलली की मांजर खाणं सोडतं. हिला ओळखीची माणसं हवीत. इथे तर तशी माणसं दोन घरांत पुरून उरलीत. आणि ऊब हवी. पिशवी नको, फडका तर मुळीच नको. अंगाबरोबर बसणारा एखादा कोट घाला."

"कोट?" मास्तर ताठ झाले.

"हो. बाजारात मिळतात, पण एकाचंही फिटिंग धड नसतं."

मास्तरांनी टोपलीतले कोट काढले आणि एकेक घालून पाहू लागले. बटणांचा मुंढ्यात ढगळ झाला. नाडीचा पोटाखाली गोळा झाला. अंगावर शिवलेल्याची तर काकांच्या कात्रीने वाट लावली होती. "पहिला हवा होता," मास्तर हताशपणे म्हणाले. "खरं तर तोच..."

हवामानकाका खाकरले. मग पुन्हा खाकरले. मग त्यांनी खुर्चीत बसून आपला पायजमा हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी माणसं तपासत नाही." पण काका थांबले नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत आला, आणि तिथे, ओळीने सगळे हूक लावलेला, राखाडी लोकरीचा पहिला कोट होता.

"राग मानू नका, मास्तर," काका खाली मान घालून म्हणाले. "हा गुडघा आखडतो. विकतचे पट्टे किती आणले, एक टोचतो, एक घसरतो. हा सहज चढवून पाहिला, तर काढवेचना. आज जिना उतरून आलो, तो याच्या जोरावर. मला वाटलं, कार्ट्यांचाच आहे, कोण विचारणार?"

मास्तर खाली बसले आणि त्यांनी जवळून पाहिलं. कडेने बोट फिरवून बघितलं.

"वाकवा," ते म्हणाले.

काकांनी गुडघा वाकवला.

"ताणतंय?"

"अजिबात नाही."

"मुंढ्यात? म्हणजे, इथे बाजूला?"

"कुठेच नाही. अंगावर आहे असं वाटतच नाही."

मास्तर उठले. सबंध आठवड्यात प्रथमच त्यांची छाती मापाला बरोबर आली होती. लेकीकडे वळून ते म्हणाले, "आईला सांग. मुंढा पहिल्यापासून बरोबर होता."

लेक हसू दाबत होती, ते तिला जमलं नाही. "बरं, राहू दे हिला इथेच," ती म्हणाली. "पण कुणीही काहीही उकडायचं नाही, कुस्करायचं नाही आणि भिजवायचं नाही. दोघांनी शब्द द्या." दोघांनी दिला. संध्याकाळी ती रिकामी टोपली घेऊन परत गेली.

मास्तरांनी पहिल्याच मापाने आत्याबाईंना नवा कोट शिवला. जुना काकांच्या गुडघ्यावरच राहिला आणि दुसऱ्या गुडघ्याला वाईट वाटायला नको म्हणून त्यालाही एक शिवला. काका आता रोज संध्याकाळी जिना उतरून दुकानात येऊन बसतात आणि इस्त्रीच्या वाफेवरून उद्याच्या पावसाचा अंदाज सांगतात. तो चुकतो, पण मास्तरांचे कपडेही वेळेवर होत नसल्यामुळे दोघांचं छान जमतं. आत्याबाई दुपारी कोट घालून जातात आणि कोट घालूनच परत येतात.

परवा मात्र आत्याबाईंनी पुन्हा बशीकडे पाठ फिरवली. मास्तरांनी समोर बसलेल्या काकांकडे पाहिलं.

"शपथ, काही दिलं नाही," काका म्हणाले. "उलट दुपारी माझ्याकडे आल्याच नाहीत आज. मी विचारणारच होतो."

मास्तरांनी आत्याबाईंना टेबलावर घेतलं. अंगाला कसल्याशा पावडरीचा मंद सुवास येत होता. कोट जागच्या जागी होता. फक्त पाठीवरचे हूक, सगळेच्या सगळे, एक घर चुकून लावलेले होते.

दोघे काही वेळ त्या हुकांकडे बघत राहिले. मग मास्तरांनी ते काढून एकेक करून नीट लावले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, आत्याबाई कशी आहे?"

"अगदी ठीक," मास्तर म्हणाले. "ओळखी वाढवतेय."